नऊनंतरचा बाजार

‘‘रात्री नऊनंतर बाजारात बाईमाणसाचं काय काम?’’

हे वाक्य मी लहानपणी आजोबांकडून ऐकलं. लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा सासऱ्यांकडून ऐकलं. त्यांचा काळ वेगळा होता म्हणून सोडून दिलं. पण गेल्या वर्षी तेच वाक्य, अगदी त्याच सुरात, माझ्या अठरा वर्षांच्या लेकाच्या तोंडून आलं, तेव्हा मात्र मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

निमित्त होतं आमच्या मंडळाच्या सहलीचं. दरवर्षी आमची सहल जाते. कधी वज्रेश्वरी-गणेशपुरी, कधी त्र्यंबकेश्वर, एकदा शिर्डी. पहाटे निघायचं, दर्शन, जेवण, थोड्या भेंड्या, आणि दिवेलागणीनंतर तासाभरात घरी. ही अट कुणी घातलेली नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात ती पक्की. दुपारी तीनपासूनच एकेकीची चुळबुळ सुरू होते. ‘‘दूध तापवायचं राहिलंय गं.’’

या वेळी बैठकीत आमच्या शेजारच्या वहिनी उठल्या. त्या बचत गटातल्या, एरवी हिशेबाच्या वहीपलीकडे फारशा न बोलणाऱ्या. त्यांचे मिस्टर एमआयडीसीत कायम कामगार होते. दोन वर्षांपूर्वी कंपनी बंद पडली, आता कंत्राटावर मिळेल तिथे जातात. वहिनींच्या हाताला चव आहे. तांदळाची भाकरी अशी पातळ की प्रकाश दिसावा, सुकटीची चटणी, आणि थंडीत उकडहंडी. गटाच्या प्रदर्शनात त्यांचं टेबल तासाभरात रिकामं होतं. पण प्रदर्शनं वर्षातून दोन. बाकीचे दिवस काय?

वहिनींचं म्हणणं असं होतं, की स्टेशनच्या बाजूला संध्याकाळी टेबल टाकायचं. सेकंड शिफ्ट सुटून येणारी पोरं, लोकलने मुंबईहून परतणाऱ्या बायका, यांना गरम भाकरी-चटणी द्यायची. घरात शब्द काढला मात्र, सासूबाईंनी महिनाभर अबोला धरला. मिस्टर म्हणाले, ‘‘कंपनी गेली, आता अब्रूपण घालव.’’

तर त्या बैठकीत म्हणाल्या, ‘‘ताई, देवदर्शन दरवर्षीच होतं. या वेळी मला रात्रीचा बाजार बघायचाय. दुसऱ्या गावात बायका रात्री कशा उभ्या राहतात, ते डोळ्यांनी बघायचंय.’’

सगळ्या गप्प. मग एकेक नाव येऊ लागलं. कुणी इंदूरचा सराफा म्हणालं, तिथलं भुट्ट्याचं कीस आणि थंडीतलं गराडू. कुणी गोव्यात हडफड्याला शनिवारी रात्री भरणारा बाजार म्हणालं. शेवटी अहमदाबाद ठरलं, कारण बोईसरहून थेट गाडी आणि भाषेची अडचण नाही. आमच्या डहाणू-तलासरीकडे गुजराती कानावर पडतच लहानाचं मोठं व्हायचं असतं. दोन रात्रींचा मुक्काम, अकराजणी. नावं लिहिताना एकीने हळूच विचारलं, ‘‘घरी काय सांगायचं? बाजार म्हणायचं की मंदिर?’’ मी म्हटलं, बाजार. भद्रकालीचं देऊळ वाटेतच आहे, तेही करू. पण घरी सांगायचं बाजारच.

मैत्रिणींनो, माणेक चौक मी टीव्हीवर पाहिला होता; प्रत्यक्षात तो वेगळाच आहे. दिवसा गेलात तर सोन्याचांदीच्या पेढ्या, गर्दी, स्कूटरींचे हॉर्न. जवळच राणीचा हजीरा म्हणून जुन्या राण्यांच्या कबरींची जागा आहे. तिच्या भोवती चणिया-चोळी, मुखवास आणि खोट्या दागिन्यांची दुकानं. हे सगळं अहमदाबादच्या जुन्या कोटाच्या आतलं. या जुन्या शहराला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला, भारतातलं असं ते पहिलं शहर.

रात्री आठ-साडेआठला सराफांची शटरं खाली येऊ लागली. आणि बघता बघता त्याच चौकात हातगाड्या, टेबलं, खुर्च्या, हंड्याएवढे तवे! नाटकात अंक बदलताना रंगमंच बदलतो ना, तसं. पेढ्यांपाशी रात्रभर माणसांची जाग राहते म्हणून सराफांनाही हे खाणेवाले हवेसेच असतात, असं तिथे सांगतात. मला ते पटलं. जाग असली की चोराला भीती, हे आपल्या गल्लीतही खरंच आहे.

खाण्याचं काय सांगू? डोशावर किसलेल्या चीजचा डोंगर. पावभाजीत लोणी इतकं, की आमच्या कोलेस्टेरॉलवाल्या काकूंनी डोळे मिटून पहिला घास घेतला. सँडविचमध्ये अननस आणि चॉकलेट एकत्र असू शकतं, हे मला अजून पचलेलं नाही. चव वाईट नव्हती. पण सँडविच म्हणू नये त्याला. कुल्फी मात्र खरी. आणि खिचू! तांदळाच्या पिठाची उकड, वर कच्चं तेल आणि तिखट. अगदी आपली माहेरची उकड. तिथे ती पानात मानाने बसली होती, आणि आपण मात्र पाहुणे आले की उकड लपवून वडे तळतो.

साडेअकरा वाजले होते. रस्त्याच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही अकराजणी. शेजारच्या टेबलावर तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई, पलीकडे कॉलेजच्या मुली, एक आजी सून-नातवंडांसह. कुणी आमच्याकडे वळूनही बघत नव्हतं. कोलेस्टेरॉलवाल्या काकू बासष्ट वर्षांच्या. त्या एकदम म्हणाल्या, ‘‘रात्री या वेळेला गरम डोसा कुणीतरी माझ्यासमोर आणून ठेवला, असं जन्मात पहिल्यांदा झालं. या वेळेला मी आजवर फक्त विरजण लावत आलेय.’’ आम्ही हसलो, आणि मग बराच वेळ कुणी हसलं नाही.

वहिनी मात्र खात नव्हत्या. त्या बघत होत्या. तवा किती मोठा, पाणी कुठून आणतात, कचऱ्याचं काय करतात, एक ताट किती मिनिटांत जातं. तीन फेऱ्या मारून आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘‘ताई, खाणाऱ्या बायका शेकड्यांनी आहेत. तव्यामागे एकतरी दिसली का हो तुम्हाला?’’

मी मान वर करून बघितलं. आम्हाला त्या रात्री एकही दिसली नाही. म्हणजे बाई रात्री बाजारात आली, ती पर्स घेऊन. झारा घेऊन नाही.

माझा चेहरा पडला. आपण यांना चुकीच्या गावी आणलं की काय? पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्याच चौकात गेलो, भाजीबाजार बघायला. तिथे पाट्या घेऊन रांगेने बसलेल्या भाजीवाल्या. एकीच्या आजीची जागा, मग आईची, मग तिची. आणि त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येत होता, ‘सेवा’. इलाबेन भट यांनी १९७२ साली अहमदाबादमध्ये स्वतः कष्ट करून कमावणाऱ्या बायकांची ही संघटना उभी केली. इलाबेन २०२२ साली गेल्या. याच माणेक चौकातल्या भाजीवाल्यांना पोलीस उठवायचे, दंड करायचे, तराजू उचलून न्यायचे. तेव्हा या बायका सेवाच्या मदतीने १९८२ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या, की आमची रोजीची जागा आम्हाला द्या. भाजीवाल्या बायका, सुप्रीम कोर्टात! मी बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं होतं, पण हे मला त्या रस्त्यावर उभं राहून जास्त कळलं. पुढे २०१४ साली देशासाठी पथविक्रेता कायदा आला. शहरात पथविक्रेत्यांची समिती असावी, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यातल्या एक तृतीयांश जागा बायकांना द्याव्यात, असं त्यात लिहिलंय.

त्या रात्री लॉ गार्डन. तिथली खाऊगल्ली २०२० मध्ये नव्याने सजवलीय, पण आम्हाला ओढ होती कपड्यांची. आरसेकाम, कच्छी भरत, तोरणं, झुलते झुमके. इथे मात्र बायका विकताना दिसल्या. विजेच्या दिव्याखाली बसून टाका घालता घालता भाव सांगत होत्या. वहिनींचा चेहरा उजळला. एकीपाशी त्या अर्धा तास बसल्या, मोडक्या गुजरातीत. विषय भावाचा नव्हता. रात्री घरी कोण पोचवतं, पोरं कुणाकडे, नवरा काय म्हणतो, हे. ती म्हणाली, पहिल्या वर्षी सासरा रोज रात्री येऊन समोर उभा राहायचा, पहाऱ्याला. दुसऱ्या वर्षी तोच गल्ल्यावर बसला.

जाता जाता, असल्या बाजारात जाणार असाल तर चार गोष्टी. आधी एक पूर्ण फेरी मारा, पैसे दुसऱ्या फेरीत काढा. मी हे केलं नाही, पहिल्याच दुकानात लाल घागऱ्यावर भाळले. घरी येऊन भिजवला तर बादलीतलं पाणी कुंकवाचं. दोष माझाच, ओल्या रुमालाने कोपरा घासून बघायचा एवढं तर आईने शिकवलं होतं. भरतकाम उलट्या बाजूने बघा, मशीनचं की हाताचं ते तिथे कळतं. सुटे पैसे वेगळ्या बटव्यात ठेवा आणि मोबाइलवरून पैसे द्यायचे तर चार्ज भरून निघा. आमच्या दोघींचे फोन ऐन वेळी मेले. तव्यावरचं गरम खा. कापलेली फळं आणि बाहेरचा बर्फ नको. आणि सगळ्यात आधी, खायच्याही आधी, बाथरूम कुठे आहे ते विचारून घ्या. हसू नका. पुढे सांगते.

परतीच्या गाडीत काकूंनी एक वेगळीच गोष्ट काढली. म्हणाल्या, ‘‘आपल्याकडे रात्रीचा बाजार नव्हता, असं कोण म्हणतं? महालक्ष्मीची जत्रा विसरलात?’’ खरंच की! डहाणू तालुक्यात विवळवेढ्याला चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस भरणारी जत्रा. पौर्णिमेला मध्यरात्री पुजारी डोंगरावर ध्वज लावतो. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून माणसं ऊन उतरल्यावर निघायची. काकूंची आजी बैलगाडीने जायची, रात्रभर बाजार करायची. पावसाळ्याची बेगमी सगळी तिथून. सुके बोंबील, सुकट, कांदे, लसूण, चटया, टोपल्या. पेट्रोमॅक्सच्या उजेडात भाव व्हायचे, आणि विकणाऱ्यांत निम्म्या बाया. आदिवासी बाया, कोळणी. ‘‘तिला नव्हतं कुणी विचारलं, नऊनंतर काय काम म्हणून,’’ काकू म्हणाल्या.

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. वापी गेलं, उंबरगाव गेलं. मग डोक्यात आलं, जत्रा कशाला, बोईसरच्या बाजारात रोज संध्याकाळी कोण असतं? दिवा लावून पापलेट-बोंबील विकणाऱ्या कोळणी असतात. जंगलातली रानभाजी, जांभळं, करवंदं घेऊन आलेल्या आदिवासी बायका असतात. शेवटची एसटी किंवा टमटम मिळेपर्यंत त्या तिथेच. त्यांच्याशी आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. त्यांच्या अब्रूची काळजी आजवर ना माझ्या सासऱ्यांनी केली, ना मी. म्हणजे ‘बाईमाणूस’ म्हणताना आपण फक्त आपल्या बिल्डिंगमधल्या बायका मोजत होतो. हे लिहितानाही मला थोडी लाज वाटतेय.

आल्यावर मी आणि वहिनी एका शनिवारी रात्री मुद्दाम बाजारात फिरलो. वीसेक वर्षं मी या गावात राहते, पण रात्री दहाला स्टेशनबाहेर मी कधीच उगीच उभी राहिले नव्हते. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, त्याआधी शटलवर सगळी भिस्त. आता उशिराच्या लोकलनेही नोकरीवाल्या मुली उतरतात. रिक्षांचा गलका. लिट्टी-चोखा, मोमो, अंडाभुर्जी, बिर्याणीची हंडी. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून आलेली पोरं मोबाइलवर घरी बोलत बोलत खातात. अकराच्या सुमाराला शिफ्ट सुटते आणि गर्दीची आणखी एक लाट येते. हाही रात्रीचा बाजारच, फक्त तो बघायला कुणी गाडीचं तिकीट काढत नाही. मुख्य रस्त्यावर झगमगाट, आणि आत गल्लीत वळलं की अंधार. १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र जिथे सुरू झालं, त्या तारापूरच्या वाटेवरचं गाव आपलं. पण गल्लीतल्या खांबावरचा दिवा लागावा म्हणून मला तीन अर्ज करावे लागले.

वहिनींनी टेबल टाकलं. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेसहा ते दहा. जागा एका ओळखीच्या शिंपीदादांच्या दुकानापुढची, त्यांच्या परवानगीने. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, शाकाहारींसाठी वालाचं बिरडं. उकडहंडी फक्त थंडीत, तीही आदल्या दिवशी सांगितलं तर. पहिल्या आठवड्यात निम्मं पीठ परत आलं. तिसऱ्या आठवड्यापासून नऊलाच भाकरी संपू लागली. लोकांच्या तोंडाची आम्हाला फार भीती होती. दोन-तीन टोमणे आले, एका ओळखीच्या गृहस्थांनी मिस्टरांना गाठून ‘काय दिवस आले’ असं ऐकवलं, पण पहिल्या महिन्यानंतर बोलणाऱ्यांचा कंटाळा सुरू झाला. मिस्टर अजून टेबलापाशी येत नाहीत. पीठ मात्र दळून आणतात.

खरा त्रास निघाला तो ज्याचा आम्ही विचारच केला नव्हता. बाथरूम. स्टेशनबाहेर रात्री बाईने जावं अशी जागाच नाही. शेजारचे गाडीवाले पुरुष भिंतीमागे जाऊन येतात, त्यांचं भागतं. वहिनींनी दुपारी चारनंतर पाणी पिणं बंद केलं. मला काही बोलल्या नाहीत. दोन महिन्यांनी ताप आला, लघवीला जळजळ, डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन आहे, पाणी प्या. त्या म्हणाल्या, ‘‘प्यायले तर जाऊ कुठे?’’

आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकान कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी, स्वच्छतागृह हवं, घरी पोचवायची सोय हवी, हेही त्यात आहे. पण हे सगळं मालक असलेल्या दुकानासाठी. टेबलामागे उभी असलेली बाई स्वतःच मालक, स्वतःच नोकर. तिची सोय कोण करणार? पथविक्रेत्यांच्या समितीतल्या एक तृतीयांश जागांचं मी वहिनींना पुन्हा सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘समितीत जागा आहे म्हणता, आधी मोरीत द्या म्हणावं.’’

आम्ही अर्ज दिलाय. सत्तेचाळीस बायकांच्या सह्या आहेत, त्यातल्या पंधरा कोळणी आणि भाजीवाल्यांच्या, काहींचे अंगठे. सह्या घ्यायला गेले तेव्हा एक कोळीण हसून म्हणाली, ‘‘तीस वरसा बसतंय इथं. आज इचारलंस व्हय बाय!’’ उत्तर अजून आलेलं नाही. तोवर शिंपीदादांनी त्यांच्या दुकानामागच्या बाथरूमची एक किल्ली करून दिलीय. ती वहिनींच्या सुट्या पैशांच्या डब्यात असते. आता कोळणीही मागून नेतात, आणि धुऊन ठेवायची पाळी लावून घेतलीय.

वहिनींच्या सासूबाईंचं सांगायचं राहिलं. अबोला सुटला, पण वेगळ्याच कारणाने. एक दिवस टेबलावरची भाकरी त्यांनी घरी चाखली आणि म्हणाल्या, ‘‘उकड नीट काढली नाहीस, लोकांना काय खायला घालतेस!’’ तेव्हापासून पीठ त्या स्वतः मळतात. टेबलावर यायला मात्र तयार नाहीत. नऊनंतर बाईमाणसाचं बाजारात काय काम, असं अजून म्हणतात.

माझा लेक एकदा क्लासवरून येताना वहिनींकडे भाकरी खाऊन आला. पैसे त्या घेईनात, म्हणून गल्ल्यात टाकून आला. त्यावर मी काही बोलले नाही, त्यानेही काही बोललं नाही.

येत्या थंडीत इंदूरला जायचं घाटतंय. अकराच्या चौदाजणी झाल्यात, त्यात दोघी कोळणी आहेत. रिझर्व्हेशन आता साठच दिवस आधी उघडतं, म्हणून तारीख लवकर ठरवायला हवी. वहिनी म्हणतात शनिवार-रविवार नको, टेबलाचे दिवस आहेत.